उंबरगाव आलं की
बुधवार, रात्रीचे साडेअकरा.

आज आईला घेऊन सुरतेला आले. घोलवडला चिकूवाली उतरली, पुढचं स्टेशन उंबरगाव रोड, आणि तोवर पेंगणारी आई एकदम खिडकीला नाक लावून म्हणाली, "अगं, रामायण इथेच झालं ना!" समोरचे काका हसायला लागले. टीव्हीवरच्या 'रामायण' मालिकेचं शूटिंग म्हणायचं होतं तिला, पण तिच्या लेखी दोन्ही एकच.

तेव्हापासून ती मालिका करणारे रामानंद सागर डोक्यात आहेत. जन्म १९१७ चा, लाहोरजवळचा. तरुणपणी टीबी झाला तर पडल्यापडल्या रोजनिशी लिहिली आणि तीच छापून आली (आणि मी इथे एसीत बसून कंटाळा कंटाळा लिहिते). फाळणीनंतर मुंबई, राज कपूरच्या 'बरसात'ची गोष्ट, मग स्वतःचे पिक्चर, १९६८ च्या 'आंखें'साठी फिल्मफेअर. एवढं सगळं झालेला माणूस ६९ व्या वर्षी छोट्या पडद्यासाठी उंबरगावात सेट लावून बसतो, हे मला आता कळतंय किती धाडसाचं होतं, कारण पिक्चरवाले तेव्हा टीव्हीला हिशेबातच धरत नव्हते.

२५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊला शेजारच्यांच्या टीव्हीपुढे आम्ही पोरं सतरंजीवर आणि आजी एकटी खुर्चीत. कौसल्या दिसली की आजी कुरकुरायची, "ही तमाशातली जयश्री गडकर, हिला कौसल्या कोणी केलं?" मग कोणीतरी सांगितलं की दशरथ झालेला बाळ धुरी हा तिचा खरा नवरा, तेव्हा कुठे गप्प झाली. मंथरा ललिता पवार, भरत संजय जोग, म्हणजे अर्धी अयोध्या आपलीच की! युद्धात एक बाण डावीकडून निघायचा, एक उजवीकडून, मध्यावर भेटेपर्यंत आईचा शेंगा सोलणारा हात तसाच थांबलेला.

आता बघताना ते बाण हसू आणतात आणि प्रत्येकाचा चेहरा पाळीपाळीने दाखवणं तर असह्य होतं, पुढच्या सासू-सुनांच्या सीरियल्सनी नेमकं तेच उचललं असं माझं मत. पण वनवासाचं ऐकल्यावर दशरथ कोसळतो तिथे सागर घाईच करत नाहीत, रडू देतात त्याला, आणि मी दरवेळी फसते. लॉकडाऊनमध्ये २८ मार्च २०२० पासून परत लागलं तेव्हाही फसले.

सगळंच गोड नाही. सीता आणि रावण दोघंही १९९१ ला भाजपचे खासदार झाले, त्या भक्तीचं पुढे राजकारणात काय काय झालं यावर आईशी बोलायला गेले की ती टीव्हीचा आवाज वाढवते.

सागर २००५ ला गेले. आईने आत्ताच बजावलंय, परतीच्या गाडीत खिडकीच हवी, सेट बघायचाय. गाव स्टेशनपासून लांब आहे, खिडकीतून काही दिसायचं नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही.