कोल्हापूर ते मार्दोळ: परवान्याचं मूळ पुस्तक कपाटात राहिलं तेव्हा

भाचीचं लग्न गोव्यातल्या मार्दोळला होतं. मामाकडचे दागिने पोचवायची जबाबदारी माझ्यावर: पाटल्या, तोडे, मोहनमाळ आणि आईने नातीसाठी राखून ठेवलेली चिंचपेटी. आमचं कोल्हापुरात सराफीचं दुकान. जोखमीचा माल गाडीतून न्यायची सवय आहे, आणि त्यासाठीच वडिलांच्या काळापासून घरात परवान्याचं हत्यार आहे. माझ्या नावावर बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं. परवान्यावर क्षेत्र म्हणून महाराष्ट्र आणि गोवा असं रीतसर लिहून घेतलेलं आहे. निघताना हत्यार घेतलं, काडतुसं घेतली, परवान्याची झेरॉक्स घेतली आणि मूळ पुस्तक कपाटातच ठेवलं. त्या एका गोष्टीने लग्नाच्या तोंडावर दोन घरांची झोप उडाली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मूळ पुस्तक घरी का ठेवलं ते आधी सांगतो, कारण बऱ्याच घरांत हीच रीत असेल. खरेदीखत, जुने सातबारे, दुकानाची कागदपत्रं, सगळं एका लोखंडी पेटीत. "मूळ कागद उंबऱ्याबाहेर काढायचा नाही," असं वडील म्हणायचे. काम पडलं की झेरॉक्स काढायची आणि तीच पुढे करायची. जमिनीच्या कागदांना हा नियम चांगलाच आहे, कारण जमीन जागेवर असते. हत्यार आपल्याबरोबर फिरतं. त्याच्या कागदालाही मी जमिनीच्या कागदाचा नियम लावला, ही माझी चूक.

आता रस्ता. हत्यार बरोबर असेल तर रस्ता निवडण्यातच निम्मं काम असतं. कोल्हापूरहून गोव्याला जाणारे बहुतेक जण निपाणीवरून आजरा, आंबोली, सावंतवाडी असे उतरतात, किंवा सरळ बेळगाव गाठून चोर्ला घाटाने जातात. निपाणी आणि बेळगाव कर्नाटकात. ज्याच्या परवान्यावर कर्नाटक नाही, त्याने हत्यार घेऊन तिथून जाऊ नये, मग तो तुकडा कितीही छोटा असो. दुसरा रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडाघाट असा. हा पूर्ण महाराष्ट्रातला, पण राधानगरी अभयारण्याच्या जंगलातून जातो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, त्याचं कलम 31: मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. गवे बघायला दाजीपूरला आम्ही लहानपणापासून जातो, पण रिव्हॉल्व्हर बरोबर असताना तो रस्ता मी धरत नाही.

म्हणून गगनबावडा धरला. करूळ घाट उतरायचा, वैभववाडीवरून तळेऱ्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं आणि मग कणकवली, कुडाळ, झाराप, बांदा असं सरळ खाली. गाळप हंगाम सुरू असल्याने गगनबावड्यापर्यंत उसाचे ट्रॅक्टर होते, एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. त्या टप्प्याला तासभर जास्त धरा. घाट शक्यतो उजेडात उतरा. महामार्गाला लागल्यावर मात्र गाडी अशी पळते की बांद्यापर्यंत कळतही नाही. बांदा ओलांडलं की पत्रादेवी, आणि तिथून गोवा.

पत्रादेवी सोडून म्हापशाकडे येताना अंधार पडला होता. नाकाबंदी होती. गाडी बाजूला घेतली, आतला दिवा लावला. हवालदारांनी गाडीचे कागद मागितले. ते फोनवर डिजिलॉकरमध्ये होते, दाखवले, त्यांनी पाहून मान हलवली. मग मागच्या बॅगेत काय आहे विचारलं. मी खरं तेच सांगितलं: लग्नाचे दागिने आहेत, आणि माझ्या कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, रिकामं आहे, काडतुसं डबीत वेगळी आहेत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवूनच सांगितलं. हे सगळ्यांनी असंच करावं. आधी बोलावं, हात नंतर हलवावा, आणि हत्यार कुणी सांगितल्याशिवाय बाहेर काढू नये.

"ओरिजिनल खंय आसा?" त्यांनी विचारलं.

मी झेरॉक्सची घडी पुढे केली. त्यांनी टॉर्चच्या उजेडात ती उलगडली. पहिल्या पानावर माझा फोटो होता, पण झेरॉक्समध्ये तो नुसता काळा ठोकळा झालेला. चेहरा कुणाचाही असू शकला असता. रिव्हॉल्व्हरचा नंबर होता, मात्र शेवटचा आकडा घडीवर आलेला, तीन की आठ ते ठरेना. आणि मुख्य गोष्ट, प्रत मी 2019 साली काढली होती. तिच्यावर मुदत 2020 पर्यंतची. नंतर झालेल्या नूतनीकरणाचा शिक्का पुस्तकाच्या मागच्या पानावर आहे, तो त्या प्रतीत असणारच कुठून? म्हणजे माझ्या हातातला कागद सांगत होता की परवाना संपून वर्षं झाली. परवाना चालू होता, मी कायद्यानेच वागत होतो, आणि ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. फोनवर पुस्तकाचा फोटो होता, पण तोही त्याच पहिल्या दोन पानांचा.

इथे कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. शस्त्र अधिनियम, 1959, कलम 19. शस्त्र बाळगणाऱ्या कुणालाही पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतो. दाखवता आला नाही तर तो नाव-पत्ता मागू शकतो आणि गरज वाटल्यास शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता दिला नाही, किंवा खोटा वाटला, तर वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. कलमात शब्द 'परवाना' असा आहे. झेरॉक्सवर समाधान मानायचं की नाही हा त्या अधिकाऱ्याच्या मनाचा प्रश्न, आपल्या हक्काचा नाही. गाडीच्या कागदांचं वेगळं आहे. डिजिलॉकरमधलं लायसन्स आणि आरसी मोटार वाहन नियमांनुसार चालतं. ते चाललं म्हणून हत्यारालाही फोन चालेल, असं मी मनात धरून बसलो होतो.

पोलिसांनी माझ्याशी अतिशय सभ्यपणे वर्तन केलं, हे मुद्दाम लिहितो. ठाण्यात नेलं, बायकोला बसायला खुर्ची दिली, दागिन्यांच्या पावत्या पाहून दागिने आमच्याकडेच ठेवले. रिव्हॉल्व्हर आणि काडतुसं मोजून, नंबर लिहून ताब्यात घेतली आणि पावती दिली. पावतीवर हत्याराचा नंबर, काडतुसांची संख्या, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याची सही या गोष्टी आहेत ना, ते तिथेच वाचून घ्या. मी दमलेला होतो, बायकोनेच बोट ठेवून वाचलं. काडतुसं वीस असताना दहा लिहिली होती. लगेच दुरुस्त करून घेतली.

मार्दोळला पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. ताई ओट्यावर जागी. दाजींनी काही न विचारता आधी सोलकढी पुढे केली. मग म्हणाले, "नोटरी केलेली प्रत असती तर सोडलं असतं का हो?" मीही तोच विचार करत आलो होतो. नोटरी एवढंच सांगतो की त्या दिवशी प्रत मुळाशी जुळली. त्यानंतर पुस्तकावर काय चढलं, काय रद्द झालं, ते प्रतीला ठाऊक नसतं. आणि परवान्याचं पुस्तक सारखं बदलत असतं: नूतनीकरण चढतं, हत्यार बदललं तर नवा नंबर चढतो, काडतुसं घेतली की दुकानदार मूळ पुस्तकावरच नोंद करतो.

सकाळी धाकट्या भावाने कपाट उघडून पुस्तक घेतलं आणि एसटीने निघाला. दुपारी तो म्हापशाला उतरला. लक्षात घ्या, भाऊ माझं पुस्तक आणू शकतो, पण माझं हत्यार नेऊ शकत नाही. परवाना माझ्या नावावर आहे, रिटेनर म्हणून, म्हणजे माझ्या वतीने हत्यार बाळगायची मुभा असलेला माणूस म्हणून, कुणाचं नाव त्यात नाही. त्यामुळे हळदीच्या दिवशी घर सोडून मलाच ठाण्यात जावं लागलं. साहेबांनी पुस्तकातला यूआयएन, म्हणजे परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, पाहिला, रिव्हॉल्व्हरवरचा नंबर भिंगातून पडताळला, आमच्या ठाण्यात फोन करून खात्री केली, माझा लेखी जबाब घेतला आणि हत्यार परत दिलं. साडेतीन तास गेले. भाचीला हळद लागली तेव्हा मामा तिथे नव्हता. ताई त्यावर एक शब्द बोलली नाही, पण मला ते अजून लागतं.

आता पुढे जाणाऱ्यांसाठी. मूळ पुस्तक हत्यार ज्याच्या अंगावर, त्याच्याच अंगावर असावं. बॅगेत नाही, गाडीच्या कप्प्यात नाही. मी आता चेनवाल्या कापडी पाकिटात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला बांधतो. पावसाळ्यात तर पिशवी दुहेरी करा, कारण शिक्क्याची शाई दमट हवेत फुटते आणि घामानेही पसरते. झेरॉक्स मात्र टाकून देऊ नका. मूळ हरवलं तर तक्रार देताना आणि दुसरी प्रत मागताना परवाना क्रमांक, यूआयएन, हत्याराचा नंबर हे सगळं तिच्यावरूनच सांगता येतं. ती पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत काढा, प्रत्येक नूतनीकरणानंतर नव्याने काढा, आणि मुळापासून वेगळ्या बॅगेत ठेवा. लॉजवर कुणी ओळखपत्र म्हणून पुस्तक ठेवून घ्यायला मागितलं तर देऊ नका. आधार द्या.

निघण्यापूर्वी पुस्तक उघडून तीन गोष्टी वाचा: क्षेत्र, मुदत, आणि काडतुसं एका वेळी किती बाळगता येतात. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीपासून मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षांची झाली आहे, त्यामुळे तारीख विसरणं आणखी सोपं झालंय. परवान्यातल्या अटी मोडल्या तर कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. क्षेत्रात गोवा नसेल तर आधी आपल्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करा. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात, तेही दोन्हीकडचे पाहून घ्या. विमानाने मोपा किंवा दाबोळीला उतरणार असाल तर रिकामं हत्यार काउंटरवर जाहीर करून सामानात द्यावं लागतं, तिथेही मूळ पुस्तक लागतं. तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीला विचारून घ्या.

गोव्यात पोचल्यावर हत्यार ठेवायचं कुठे, हाही प्रश्न असतो. देवळात, मांडवात, समुद्रावर ते घेऊन फिरू नये, आणि जिथे दारूची बैठक आहे तिथे तर मुळीच नाही. मी ते ताईच्या घरच्या तिजोरीत ठेवलं, किल्ली स्वतःच्या गळ्यात, आणि त्या घरात मुक्काम होता तोवरच. चार दिवस हॉटेलात राहायचं असेल तर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे सुरक्षित जमा करून पावती घ्यावी. पाहुण्यांचा एक दिवस बोंडल्याला जायचा बेत होता. बोंडला अभयारण्य आहे, आणि हत्यार घरात ठेवून किल्लीसह लांब जाणं मला बरं वाटेना. मी मागे राहिलो, मंगेशीला जाऊन आलो.

परतताना दागिने नव्हते, हत्यार होतं. बांद्यापुढे इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्कवाले गाड्या तपासत होते, त्यांचं लक्ष गोव्याच्या बाटल्यांवर. आमच्याकडे काजू, फणसाची साटं आणि ताईने दिलेला नारळांचा वाटा. मी आधीच सांगितलं, पुस्तक काढून हातात दिलं. त्यांनी फोटोवरून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मागचं पान उघडून नूतनीकरणाचा शिक्का बघितला आणि पुस्तक मिटून परत दिलं. संध्याकाळी सातच्या आत आम्ही गगनबावड्यात चहा घेत होतो.