माहुली: एकदा ऑक्टोबरात, एकदा डिसेंबरात

भाचीला कलावंतीण दुर्ग करायचा होता, तोही भर जुलैत. ती ऐरोलीत राहते, आयुष्यातला पहिला ट्रेक, आणि रीलमध्ये कुणाला तरी ढगांतून पायऱ्या चढताना पाहिलेलं. "मामा, पनवेलहून तर एवढासा आहे!" जवळ आहेच. पण त्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, गुडघ्याएवढ्या उंच, कडेला धरायला काही नाही, आणि पावसात वर शेवाळ. तिथे पोरगी घसरली असती तर ताईने मला दिवाळीला उंबऱ्याबाहेरच ओवाळलं असतं. म्हटलं, पाऊस सरू दे, माहुली करू. ट्रेकच्या याद्यांमध्ये त्याच्यापुढे 'मध्यम' लिहिलेलं असतं, ठाणे जिल्ह्यातल्या उंच गडांपैकी एक, आणि आपल्या घरून लोकलने जाता येतं.

पाऊस सरला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर निघालो. चूक तिथेच झाली.

ठाण्याहून पहाटेची कसारा गाडी, आसनगावला उतरून रिक्षाने पायथ्याचं माहुली गाव. दोघांत मिळून चार लिटर पाणी, वर काकड्या. सुरुवातीची झाडी संपली आणि सोंडेवर आलो तेव्हा नऊ वाजले असतील. गवत कमरेपर्यंत, वारा बंद, खालची जमीन अजून ओली, त्यामुळे ऊन वरून आणि वाफ खालून. माहुलीची सोंड तशीही फसवी. हा टप्पा चढला की संपलं असं वाटतं, आणि वर गेलं की पुढचा टप्पा उभा. साडेदहाला चार लिटरमधलं अर्धा लिटर उरलं होतं. भाचीचा चेहरा लाल, घाम मात्र थांबलेला, बोलणंही थांबलेलं. मला त्या थांबलेल्या बोलण्याची जास्त भीती वाटली. सावली शोधून तिला बसवलं, रुमाल ओला करून मानेवर ठेवला, उरलेलं पाणी तिला दिलं.

वरून लाकडाची मोळी घेऊन एक मावशी उतरत होत्या. अनवाणी. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "या दिसांत शहरातली माणसं कशाला येतात? थंडी पडू द्यायची." आणि निघूनही गेल्या. लोखंडी शिडी अजून बरीच वर होती. आम्ही परत फिरलो.

तीच वाट, तीच माणसं, डिसेंबरचा तिसरा आठवडा. गवत वाळून सोनेरी झालेलं, वाऱ्याला गारवा. अडीच तासांत शिडीखाली होतो आणि बाटल्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या. यादीतलं ते 'मध्यम' बहुधा डिसेंबरात चढलेल्या कुणीतरी लिहिलं असावं. उतरताना मात्र सुकलेल्या मातीचा घसारा भेटला. दोनदा बसून उतरलो, एकदा इच्छेविरुद्ध. मार्च-एप्रिलपर्यंत तो वाढतच जातो, आणि तेव्हा वरच्या पाण्याचाही भरवसा नसतो.

माथा मोठा आहे. माहुली, भंडारगड आणि पळसगड असे तीन भाग, मध्ये खिंडी. एका दिवसात तिन्ही करायला जाऊ नये. आम्ही महादरवाजा आणि पहारेकऱ्यांच्या देवड्या पाहिल्या. निजामशाही वाचवण्याची शहाजीराजांची धडपड 1636 साली याच गडावर संपली. इथेच त्यांना मोगल आणि आदिलशहाच्या फौजांनी वेढलं होतं. देवडीच्या सावलीत डबा खाताना भाचीने विचारलं, "वेढ्यात पाणी कुठून प्यायचे?" कातळात खोदलेलं टाकं दाखवलं. खूप वेळ बघत बसली. ऑक्टोबरातला रुमाल आठवला असणार. वरून तानसा तलावही दिसतो, मुंबईला पाणी देणारा.

तेव्हापासून आमच्या घरात गड ठरवताना आधी महिना विचारतात. पावसात सुळके आणि कोरलेल्या पायऱ्या नाहीत, ओढा ओलांडावा लागेल असं काही नाही. फेब्रुवारीत कर्नाळा छान, पक्षीही दिसतात, फक्त अंगठ्यासारख्या सुळक्याखाली आवाज करायचा नाही, मधमाश्यांची पोळी असतात. मे महिन्यात मी घरी पंख्याखाली आंबे खातो, त्याला ट्रेक म्हणत नाहीत हे मान्य.

कलावंतीण जानेवारीत ठरलाय. पाणी भाची उचलणार आहे, माणशी तीन लिटर, तिनेच सांगितलंय.