फोरमन काकांची वही आणि आमचं जीएसटी ऑडिट

नोटीस पोर्टलवर येऊन सहा दिवस झाले होते. मी रोज रिटर्नचं पान बघत होते आणि नोटीस पडली होती 'अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' या कप्प्यात. आमच्या सीए साहेबांचा फोन आला, "वहिनी, एडीटी-01, म्हणजे ऑडिटची नोटीस, आलीय. 2021-22 सालाचं ऑडिट आहे." जेवताना घरात सांगितलं तर सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांना ऑडिट म्हणजे धाड वाटली.

तसं ते नसतं. जीएसटी कायद्याच्या कलम 65 खालचं हे खात्याचं नेहमीचं ऑडिट. सुरू होण्याआधी निदान पंधरा कामकाजाचे दिवस नोटीस द्यावी लागते आणि सुरू झाल्यावर तीन महिन्यांत संपवायचं असतं. आयुक्त आणखी सहा महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकतात. एवढं समजल्यावर सासरे जरा शांत झाले. मला मात्र झोप लागली नाही, कारण सहा दिवस तर आधीच गेले होते.

आमचं मशीन शॉप कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे. फौंड्रीतून एसजी आयर्नची (एक प्रकारच्या बिडाची) ओतीव कास्टिंग आणायची, टर्निंग-ड्रिलिंग आपल्याकडे करायचं, इंडक्शन हार्डनिंगला, म्हणजे दात तापवून कडक करायला, गोकुळ शिरगावला पाठवायचं आणि तयार स्प्रॉकेट, म्हणजे साखळीची दातेरी चाकं, पार्टीला द्यायचे. उलाढाल तीन-साडेतीन कोटींची. शॉप नवरा बघतो, हिशेब माझ्याकडे.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच केलं. जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न), 3बी (कर भरायचं रिटर्न), 2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधलं रजिस्टर समोरासमोर ठेवून महिन्यागणिक फरक काढला. यात नवीन काही नाही, फक्त बसावं लागतं. दोन पुरवठादारांची बिलं 2बीमध्ये नव्हती. त्यातलं एक जानेवारी 2022 नंतरचं निघालं. 1 जानेवारी 2022 पासून बिल 2बीत दिसल्याशिवाय क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, घेताच येत नाही, तेव्हा त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. दिवाळीला कामगारांना दिलेल्या मिठाईच्या बॉक्सवरचं क्रेडिटही चुकून घेतलं होतं. भेटवस्तूंवर क्रेडिट मिळत नाही. दोन्ही उलटवायच्या, म्हणजे क्रेडिट परत करायच्या, यादीत टाकलं.

भाड्याच्या खात्यात मात्र दोन दिवस गेले. ट्रान्सपोर्टवर पाच टक्के आरसीएम, म्हणजे वाहतूकदाराऐवजी आपण भरायचा कर, आपल्याला लागतो हे माहीत होतं. पण आमचे निम्मे फेरे गावातल्या टेम्पोवाल्यांचे. ते बिल्टी, म्हणजे माल नेल्याची पावती, देत नाहीत, आणि बिल्टी नाही म्हणजे कायद्याच्या भाषेत ती गुड्स ट्रान्सपोर्ट एजन्सी नाही. टॅलीत सगळं एकाच 'भाडे' खात्यात पडलेलं. एकेक व्हाउचर काढून बिल्टीवालं वेगळं आणि टेम्पोवालं वेगळं केलं. हे मी केलं नसतं तर पूर्ण खात्यावर कर निघाला असता.

त्यानंतर सीए साहेबांनी एक वाक्य सांगितलं आणि माझ्या तयारीची दिशाच बदलली. "वहिनी, पैशाचे आकडे जुळलेत. आता माल जुळवा."

मग माल पाठवताना फाडायची चलनबुकं काढली. जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला कच्चा माल एक वर्षात परत यायला हवा. नाही आला तर ज्या दिवशी पाठवला त्या दिवशी तो विकला असं धरलं जातं आणि कर लागतो. त्याचा फॉर्म आयटीसी-04 मी भरत होते, पण खरं सांगायचं तर आकडे टॅलीतून उचलून. चलनाच्या तिसऱ्या प्रतीशी मी ते कधी ताडून पाहिले नव्हते.

चलन नंबर 217 वर अडकले. तारीख 22 जुलै 2021, 240 नग. परत आले 228. शिवाय ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन कागद, होतं 28 तारखेचं. कागद बघून क्षणभर पोटात गोळा आला. मग आठवलं, ते पुराचे दिवस होते. पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं आणि भरलेली गाडी आमच्या गेटच्या आतच उभी होती. पहिलं ई-वे बिल चोवीस तासांच्या आत रद्द केलं होतं, रस्ता सुरू झाल्यावर नवं काढलं, चलन मात्र जुनंच गेलं. तारखेचा उलगडा झाला. बारा नगांचं काय?

दुसऱ्या दिवशी फोरमन काकांना घेऊन गोकुळ शिरगावला गेले. जॉबवर्कवाले भाऊ भले माणूस, पण तीन वर्षांपूर्वीचे बारा नग त्यांना तरी कुठून आठवणार? काका काही न बोलता मशीनच्या मागे गेले, तिथल्या जुन्या क्रेटवरची गोणपाटं बाजूला केली आणि हाक मारली. बाराही नग तिथेच होते. दातांवर लाल रंगाचा पट्टा मारलेला, हार्डनिंगला तडकलेले म्हणून बाजूला काढलेले. एका नगावर आमचा लॉट नंबर अजून वाचता येत होता. मी एकेक हातात घेऊन मोजले.

माल सापडला, पण वर्ष केव्हाच उलटलं होतं. 850 रुपये नगाप्रमाणे 10,200 रुपयांचा माल, त्यावर 18 टक्क्यांनी 1,836 रुपये कर. नवरा म्हणाला, "एवढ्याशा रकमेसाठी कशाला सांगायचं?" मी ऐकलं नाही. त्याच आठवड्यात उलटवायचं क्रेडिट आणि हा कर, दोन्ही व्याजासकट डीआरसी-03 या स्वतःहून कर भरायच्या फॉर्मने भरले.

ठरल्या दिवशी अधिकारी मॅडम आणि त्यांच्यासोबत एक निरीक्षक शॉपवर आले. मॅडम आधी ऑफिसात बसल्याच नाहीत. मशीनपाशी उभं राहून त्यांनी एक कास्टिंग वजनकाट्यावर ठेवायला सांगितलं. 4 किलो 600 ग्रॅम. मग तयार स्प्रॉकेट ठेवला, साडेतीन किलो. "म्हणजे नगामागे अकराशे ग्रॅम बोरिंग, कातून निघालेला चुरा. वर्षभराचे नग गुणिले अकराशे ग्रॅम. तुमच्या बिलांत तेवढं भंगार दिसत नाही. बाकीचं कुठं गेलं?"

भंगार रोखीत विकलं, असा त्याचा सरळ अर्थ होतो. आम्ही विकलं नव्हतं. पण ते दाखवायचं कशावरून? वजनकाट्याच्या सगळ्या पावत्या मी बिलांना जोडून ठेवल्या होत्या, पण त्या विकलेल्या मालाच्या. न निघालेल्या बोरिंगची पावती कुठून आणणार?

तेव्हा काका आपल्या कपाटातून वही घेऊन आले. कुलंटच्या (मशीनवर सोडायच्या थंडाव्याच्या द्रवाच्या) डागांनी पानं पिवळी पडलेली, शंभर पानी साधी वही. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, निघाला की नग त्याच ऑपरेशनला थांबतो, आणि काका तारीख, लॉट आणि कितव्या ऑपरेशनला थांबला ते पेन्सिलने लिहून ठेवतात. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, फौंड्रीशी भांडताना लागतं म्हणून ते लिहीत आले. असे अर्धवट नग फौंड्रीला परत जातात, त्यांचं पूर्ण बोरिंग निघतच नाही. मॅडमनी वही घेतली, परत पाठवलेल्या मालाच्या माझ्या डेबिट नोट मागवल्या आणि निरीक्षकांना लॉटमागून लॉट लावायला सांगितले. दुपारचा चहा थंड झाला. संध्याकाळपर्यंत फरक इतका कमी झाला की उरलेली घट त्यांनी मान्य केली. काका तोवर मशीनपाशीच उभे होते, घरी गेले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

217 चा विषय मीच काढला. डीआरसी-03 आणि रद्द केलेलं ई-वे बिल पुढे ठेवलं. मॅडमनी कागद बघून बाजूला ठेवले, एकही प्रश्न विचारला नाही.

आमची खरी चूक निघाली ती मला न दिसलेल्या जागी. त्या वर्षी जुना लेथ 1,80,000 रुपयांना विकला होता आणि रक्कम 'इतर उत्पन्न' म्हणून जमा केली होती. त्यावर 32,400 रुपये कर निघाला. शिवाय रिजेक्शनच्या वादात एका फौंड्रीचं बिल 180 दिवसांपुढे, म्हणजे क्रेडिट टिकायच्या मुदतीपलीकडे, थकलं होतं. ते नंतर चुकतं केलं असल्याने क्रेडिट गेलं नाही, पण मधल्या काळाचं व्याज भरावं लागलं. दोन्ही रकमा आम्ही लगेच भरल्या, कारणे दाखवा नोटिशीपर्यंत गोष्ट गेली नाही आणि दंडही लागला नाही. तुम्ही त्या वर्षात एखादं मशीन, गाडी, अगदी जुना कॉम्प्रेसर विकला असेल तर टॅलीत 'इतर उत्पन्न' आधी उघडा, एवढं आवर्जून सांगते.

महिन्याभरात एडीटी-02, म्हणजे ऑडिटचा अहवाल, आला. सासऱ्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला. काकांची वही आता ऑफिसच्या कपाटात, बाकीच्या दप्तरासोबत आहे. त्यांना नवी वही आणून दिली, या वेळी पुठ्ठ्याच्या बांधणीची. पेन्सिल मात्र त्यांनी सोडलेली नाही. तेलकट हाताने पेन फुटतं म्हणतात.