आठ आवाज पाचात बसवताना: ‘कॅसलव्हेनिया ३’ची नोंद

‘अकुमाजो देन्सेत्सु’ या व्हिडिओ गेममधलं (‘कॅसलव्हेनिया ३’ची जपानी आवृत्ती) ‘बिगिनिंग’ हे गाणं कानाने उतरवून झालं. आता पुढचा टप्पा सुरू आहे: तेच गाणं फामिट्रॅकर या संगीत-सॉफ्टवेअरमध्ये व्हीआरसी६ ही जादा आवाजांची चिप बंद करून नुसत्या २ए०३ या कन्सोलच्या मूळ चिपवर उभं करायचं. अमेरिकेतली आवृत्ती काम संपेपर्यंत लावायची नाही, असं ठरवलं होतं. आधी स्वतःचं उत्तर हवं होतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. कोनामीने हा गेम डिसेंबर १९८९ मध्ये जपानात फॅमिकॉम या कन्सोलवर आणला. त्याच्या कॅसेटमध्ये व्हीआरसी६ नावाची चिप होती आणि ती घडवण्यात हिदेनोरी माएझावा यांचा स्वतःचा हात होता. मूळ पाच चॅनेलवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वतंत्र आवाजांवर, तिने आणखी तीन दिले: दोन पल्स आणि एक सॉटूथ (ही ध्वनिलहरींच्या आकारांची नावं). फॅमिकॉममध्ये आवाज कॅसेटमधून फिरून येतो, म्हणून हे शक्य झालं. फॅमिकॉमचं अमेरिकी रूप असलेल्या एनईएसच्या कॅसेट-जोडणीत ती वाटच नाही. त्यामुळे १९९० मध्ये गेम तिकडे गेला तेव्हा चिप बदलली आणि योशिनोरी सासाकी यांना सगळं संगीत पुन्हा पाच चॅनेलमध्ये बसवावं लागलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सॉटूथच्या जागी काय ठेवायचं यावर. सॉटूथमध्ये सम-विषम सगळे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर) असतात, म्हणून तो जवारी नीट लागलेल्या तारेसारखा भरून वाजतो. २ए०३ चा ट्रँगल चॅनेल त्यापुढे अगदी गुळगुळीत. त्यात फक्त विषम हार्मोनिक, तेही झपाट्याने विरणारे, आणि त्याला व्हॉल्यूमच नाही: एक तर वाजतो, नाहीतर बंद. खर्ज त्याच्याकडेच दिला, पण स्वर थोडे तोडून. प्रत्येक स्वराच्या शेवटी बारीक फट ठेवली की ठोका उठून येतो. ही फट कमी-जास्त करत बसणं मला मनापासून आवडतं. चाल तीच राहते आणि गाणं मात्र धावायला लागतं.

मधली भरणी हा खरा पेच. मूळ गाण्यात पल्सचे थर एकमेकांवर चढून तंतुवाद्यांच्या ताफ्यासारखा आवाज होतो. माझ्याकडे उरला एकच मोकळा पल्स. त्यावर ०३७ हा आर्पेजिओ लावून पाहिला: षड्ज, कोमल गंधार आणि पंचम इतक्या वेगाने फिरतात की कान त्यांना एकत्र ऐकतो. स्वरसमूह पूर्ण होतो, पण गाण्याला कमोडोर ६४ या जुन्या संगणकावरच्या युरोपियन संगीताचा वास येतो. तो या किल्ल्यात शोभत नाही. शेवटी मुख्य धून २५ टक्के ड्यूटीवर (लहरीचा चौथा हिस्साच चालू) ठेवली आणि दुसऱ्या पल्सवर तीच धून किंचित उशिरा, कमी आवाजात, पिच जरासा सरकवून. जिथे धून थांबते तिथे हाच पल्स वरच्या सुराची जोड देतो. त्याने दालन मोठं झाल्यासारखं वाटतं.

मग एकेक चॅनेल म्यूट करून गाणं ऐकलं. ही चाचणी सगळ्यांनी करून पाहावी. गेममध्ये चाबकाचा, फुटणाऱ्या मेणबत्तीचा आवाज संगीताचाच एखादा चॅनेल क्षणभर उसना घेतो, म्हणजे खेळणाऱ्याला सगळे स्वर अखंड ऐकू येतच नाहीत. एक आवाज गळला तरी उभं राहील असंच गाणं हवं. शिवाय मेलो की संगीत पहिल्यापासून सुरू होतं. अशा अवघड गेममध्ये सुरुवातीच्या काही ओळी शेकडो वेळा कानावर पडतात आणि शेवट क्वचितच. ‘बिगिनिंग’ पहिल्याच ठोक्याला अंगावर येतं ते यामुळेच, असं माझं ठाम मत झालं आहे.

काम संपल्यावर सासाकींचं रूपांतर लावलं. त्यांनी भरणीचा हट्टच धरलेला नाही. धून आणि खर्ज स्वच्छ ठेवले आहेत आणि बाकीच्याला जागा असेल तिथेच येऊ दिलं आहे. अमेरिकी आवृत्ती जास्त कठीण आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. तिथे जसजसे पुढे जाल तसतसा शत्रूंचा मार वाढतो आणि ग्रँट या पात्राला जपानी आवृत्तीसारखे खंजीर फेकता येत नाहीत. म्हणजे पातळ झालेल्या संगीतालाच जास्त वेळा पहिल्यापासून वाजायचं होतं. ते तरीही कंटाळवाणं होत नाही, याबद्दल सासाकींचं नाव जपानी संचाच्या संगीतकारांइतक्याच आदराने घ्यायला हवं.

त्यांचं ऐकून मी दुसऱ्या पल्सवरची सुरांची जोड बऱ्याच ठिकाणी काढून टाकली, उशिराची सावली तेवढी ठेवली. खर्जातल्या फटी माझ्याच ठेवल्या आहेत, त्या मला अजून पटतात. नॉइज चॅनेलवरचा स्नेअर ड्रम मात्र अजून कोरडा वाटतो. त्याचा व्हॉल्यूम किती पायऱ्यांमध्ये उतरवावा यावर कुणी काम केलं असेल तर जरूर सांगा. तो जमला की एनएसएफ (एनईएस संगीताची फाइल) काढतो आणि याच गेममधलं ‘मॅड फॉरेस्ट’ हातात घेतो.