पडवी आणि भिंतीच्या सांध्यातील गळती: माझा अनुभव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटीपासून कणकुंबीपर्यंतच्या पट्ट्यात पाऊस नुसता वरून पडत नाही. पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तो आडवा येऊन भिंतींवर आपटतो. आमची मंगलोरी कौलांची पडवी मुख्य घराच्या चिऱ्याच्या भिंतीला जिथे भिडते, तिथेच पाणी आत येत असे. दर उन्हाळ्यात शाकारणी होई, फुटकी कौले बदलली जात, तरीही गळती थांबली नाही, कारण दोष कौलांचा नव्हताच.

अशा सांध्यावर सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यात भरलेली सिमेंटची तिरकी पट्टी, मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण चिऱ्याची भिंत जागची हलत नाही आणि पडवीचे लाकडी वासे मात्र पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात आकसतात. त्यामुळे कडक सिमेंट कुठे ना कुठे सुटतेच आणि केसाएवढी भेग पाण्याला पुरते. "वाटाच परत मारूया की," असे मेस्त्रींचे म्हणणे होते. मी त्यांना सुटलेला वाटा हाताने उचलून दाखवला, तेव्हा त्यांना पत्र्याच्या फ्लॅशिंगचा, म्हणजे सांधा झाकणाऱ्या वाकवलेल्या पट्टीचा, विचार पटला.

बेळगावच्या उद्यमबागेतून ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून आणला. त्याची एक बाजू भिंतीवर सहा इंच चढते आणि दुसरी तितकीच कौलांवर उतरते. खालची कड किंचित दुमडून घेतली होती, म्हणजे पाणी उलट आत न ओढले जाता थेंबाथेंबाने बाहेर गळते. कटरने भिंतीत एक इंच खोल खाच पाडली, तिच्यात पत्र्याची वरची कड बसवली आणि खाच सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरली. ओले सिमेंट ॲल्युमिनियमला खाते, आणि तापमान चाळीस अंशांनी बदलले की या पत्र्याची लांबी मीटरमागे सुमारे एक मिलिमीटरने कमी-जास्त होते. ही हालचाल सिमेंटला सोसत नाही. म्हणूनच पत्रा फक्त भिंतीला धरला, कौलांना स्क्रू मारले नाहीत. काम पूर्वेच्या टोकापासून सुरू केले व पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्या तुकड्यावर सहा इंच चढवला, जेणेकरून जोडाचे तोंड वाऱ्याकडे राहणार नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पत्र्याच्या वरची होती. चिरा सच्छिद्र असतो. उघड्या भिंतीत मुरलेले पाणी दगडाच्या आतूनच खाली उतरते आणि उत्तम बसवलेल्या फ्लॅशिंगच्याही मागून घरात येते. त्यामुळे खाचेच्या वरच्या भिंतीला गिलावा करून त्यावर जलरोधक रंगाचे दोन हात दिले. हे केले नसते तर पत्र्याचा सगळा खर्च वाया गेला असता, असे मला ठामपणे वाटते.

सीलंट सुकल्यावर नळीने पाणी मारून पाहिले. सुरुवात खालच्या कौलांपासून करून हळूहळू वर सरकलो, कारण एकदम वरून पाणी सोडले तर गळती नेमकी कोणत्या पातळीवर आहे ते कळत नाही. आत वाशांखाली आई विजेरी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "कोरडं आहे रे, वर जा अजून." मृगाच्या आणि आर्द्राच्या पावसातही वासे कोरडेच राहिले. आता दर उन्हाळ्यात शाकारणीबरोबर पत्र्यावरचा पालापाचोळा काढायचा आणि खाचेतले सीलंट बोटाने दाबून पाहायचे, एवढे काम उरले आहे.