थोरला मारिओ, धाकटा लुइजी: क्योतोतला एक शनिवार

आमच्या घरी पहिला रिमोट कायम माझ्याकडे. म्हणजे 'सुपर मारिओ' या व्हिडिओ गेममध्ये मी मारिओ आणि धाकटा भाऊ लुइजी. मी मरेपर्यंत त्याने मांडी घालून बसून राहायचं, आणि मी मुद्दाम लवकर मरत नसे. नव्वदच्या दशकातली पिवळी कॅसेट, टीव्हीला जोडायचं ते डबडं. गेम लागला नाही की कॅसेट काढायची, फुंकायची, परत खुपसायची.

ऑफिसच्या कामासाठी ओसाकाला जायचं ठरलं, तेव्हा मधला शनिवार मी आधीच राखून ठेवला. मारिओचा गेम बनवणाऱ्या निन्टेन्डो कंपनीचं म्युझियम क्योतोजवळच्या उजीला आहे, त्याची तिकिटं सोडतीने मिळतात. काही महिने आधी अर्ज टाकला होता, आणि नाव लागलं! तिकीट ३३०० येन. लहानपणीच्या त्या नकली कॅसेटवर कंपनीचं नाव शोधूनही सापडलं नसतं, त्यामुळे जुनी उधारी फेडल्यासारखं वाटलं.

सकाळी आधी क्योतो स्टेशनवरून चालत कागियाचो गाठलं. ताकासे नावाच्या ओढ्याच्या काठाने अरुंद गल्ली, मांजरं, वाळत घातलेले कपडे, आणि मधेच १९३० सालची एक भक्कम, गंभीर इमारत. दारावरच्या जुन्या पाट्यांवर पत्त्यांच्या कंपनीचं नाव अजून आहे. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये हानाफुदा, म्हणजे फुलांची चित्रं असलेले जपानी पत्ते, बनवायला सुरुवात केली. हे त्या कंपनीचं, म्हणजेच निन्टेन्डोचं, जुनं मुख्यालय. २०२२ पासून तिथे हॉटेल आहे. आत शिरून निदान चहा तरी प्यावा असं मनात आलं, पण खोल्यांचे दर आधीच पाहिले होते, त्यामुळे मन लगेच वळलं.

तिथून किन्तेत्सू रेल्वेच्या लोकलने उजीतलं ओगुरा. अगदी साधं उपनगर. म्युझियम ज्या इमारतीत आहे तो १९६९ सालचा कारखाना. इथेही पत्तेच बनायचे. २०२४ च्या ऑक्टोबरात तो लोकांसाठी उघडला.

वरच्या मजल्यावर काचेआड सगळी जुनी यंत्रं मांडलेली आहेत. फोटो काढायला बंदी, आणि माहितीच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. मी मात्र मारिओची जन्मकथा शोधत होतो. ती मनातल्या मनात स्वतःलाच सांगत पुढे सरकलो.

१९८० च्या सुमारास कंपनीचा 'रडार स्कोप' हा गेम अमेरिकेत साफ आपटला होता. नाणं टाकून खेळायची सुमारे दोन हजार यंत्रं गोदामात पडून. त्यात नवा गेम बसवून ती खपवायचं काम आलं शिगेरू मियामोतो या तरुणाकडे. हा औद्योगिक डिझाइन शिकलेला, प्रोग्रामर नव्हेच. त्याने माकड, पळवलेली मुलगी आणि तिला सोडवणारा सुतार अशी गोष्ट रचली. १९८१ चा 'डाँकी काँग' तो हाच. सुताराचं नाव तेव्हा नुसतं 'जम्पमॅन'. 'मारिओ' हे नाव पुढे अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून, मारिओ सेगाले यांच्यावरून पडलं.

आणि तो चेहरा? सगळा नाइलाजाचा कारभार. जेमतेम सोळा बाय सोळा ठिपक्यांत माणूस काढायचा. तोंड दिसेना, म्हणून मोठं नाक आणि मिशी. केस उड्या मारताना हलवणं जमेना, म्हणून टोपी. हात हललेले कळावेत म्हणून डांगरी. १९८३ च्या 'मारिओ ब्रदर्स'मध्ये तो प्लंबर झाला आणि त्याला भाऊ मिळाला. लुइजीसाठी वेगळं चित्र काढलंच नव्हतं, मारिओचेच ठिपके दुसऱ्या रंगात. थोरल्याचे कपडे धाकट्याला! धाकट्याची तक्रार तेव्हाही रास्तच होती म्हणायची.

पाट्या नाहीत म्हणून मी कुरकुरत होतो, पण १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'ने तरी आम्हाला कुठे काय वाचायला दिलं होतं? सुरुवातीलाच समोरून एक रागीट मशरूम चालत येतो. उडी मारली नाहीत तर मेलात. दुसऱ्यांदा उडी मारता, डोकं प्रश्नचिन्हाच्या विटेवर आपटतं, नाणं मिळतं. पुढच्या विटेतून निघालेला दुसराच मशरूम नळावर आदळून तुमच्याकडेच परत येतो, अंगाला लागतो आणि तुम्ही मोठे होता. इंग्रजीचा गंध नसलेल्या आम्हा दोघांना हे पाच मिनिटांत कळलं होतं. तो गेम चार कोटींवर खपला, त्यामागे मला हीच करामत दिसते. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या समारोपात जपानचे पंतप्रधान शिंझो आबे लाल टोपी घालून हिरव्या नळातून वर आले, तेव्हाही ते कोण झालेत हे जगात कुणाला समजावावं लागलं नाही.

खालच्या मजल्यावर टेबलाएवढे अवाढव्य रिमोट आहेत. एकट्याने खेळताच येत नाही. एकाने दिशा सांभाळायची, दुसऱ्याने उडी. मी एकटाच. रांगेतले एक आजोबा हसून पुढे आले, उडीच्या बटणावर दोन्ही तळहात ठेवले. त्यांची उडी दर वेळी अर्धा क्षण उशिरा. पहिल्याच खड्ड्यात आम्ही तीनदा पडलो आणि वेळ संपली. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला.

बाहेर अंगणात हिरवा नळ आहे. तिथे फोटो चालतो. धाकट्याला पाठवला. भारतात दुपार असावी, उत्तर लगेच आलं: "दादा, तू मेलास ना? मग दे आता इकडे."