अंदमानात एक बेट की अनेक? इंदूरहून निघताना घातलेला हिशोब

इंदूरच्या माणसाला समुद्राची ओढ जरा जास्तच असते. नळाला नर्मदेचं पाणी येतं, महेश्वरचा घाट दोन तासांवर आहे, पण समुद्र बघायचा तर रात्रभराचा प्रवास ठरलेलाच. त्यामुळे दिवाळीनंतर अंदमानला जायचं नक्की झालं, तेव्हा आमच्या ह्यांचं पहिलं वाक्य होतं, "एवढं लांब जातोच आहोत तर सगळी बेटं बघून घेऊ." मुलीनेही मान डोलावली. ट्रॅव्हलवाल्याने दिलेला कागद याच विचाराने बनवलेला होता: पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, परत पोर्ट ब्लेअर, मग बाराटांग. बेटाला एक रात्र, फार तर दीड दिवस.

माझं मत वेगळं होतं. समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवायची तर किनाऱ्यावर बसायला मिळालं पाहिजे. त्या कागदावर सकाळी उठून सामान बांधणं आणि दुपारी ते सोडणं एवढंच दिसत होतं.

वाद मिटवला सासूबाईंनी, आणि तोही ओंकारेश्वरच्या आधाराने. मांधाता हे नर्मदेतलं बेटच. इंदूरचं माणूस तिथे लहानपणापासून जातं, पण बहुतेक लोक पुलावरून उतरतात, दर्शन घेतात आणि गाडीत बसतात. परिक्रमा करणारे थोडे. ती वाट साधारण सात किलोमीटरची. संगमावरून, ऋणमुक्तेश्वरावरून, गौरी सोमनाथाच्या देवळाकडून फिरून येईपर्यंत नदी दोन्ही अंगांनी दिसते आणि आपण बेटावर आहोत हे पायांना कळतं. आई म्हणाल्या, "अगं, जे बेट फिरून येता येतं ते घ्या. नुसतं पाय लावून यायचं तर कशाला?"

मग कागद-पेन घेऊन बसले. फेरी पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला खासगी बोटीने दीड-दोन तासांत जाते, सरकारी बोटीला थोडा जास्त वेळ लागतो. हॅवलॉकहून नील तासाभरावर. कागदावर हे अंतर किरकोळ वाटतं. पण अंदमानातल्या बऱ्याच हॉटेलांत खोली सकाळी लवकर सोडावी लागते. जेट्टीवर वेळेच्या तासभर आधी पोचायचं, ओळखपत्रं दाखवायची, सामान तपासून घ्यायचं, उतरल्यावर रिक्षा शोधायची आणि पुढच्या हॉटेलात खोली तयार होईपर्यंत बॅगांजवळ बसायचं. एका तासाच्या फेरीला दिवसाचा मोठा हिस्सा जातो, आणि तोही सकाळचा, जेव्हा पाणी सर्वांत सुंदर असतं. सोबत सत्तरी ओलांडलेलं माणूस असेल तर संध्याकाळही थकव्यात जाते.

म्हणून मी बेटं मोजायची सोडून दिली आणि बॅगा किती वेळा उचलाव्या लागतील ते मोजलं. या हिशोबात रॉस बेट फुकटात बसतं. पोर्ट ब्लेअरच्या धक्क्यावरून ते बोटीने काही मिनिटांवर आहे, खोली तशीच ठेवून जाऊन येता येतं. हॅवलॉकचा एलिफंट बीचही तसाच, बोटीने किंवा जंगलवाटेने जायचं आणि जेवायला परत. बाराटांग मात्र मी यादीतून काढलंच. तिथला रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. ताफ्याने गाड्या सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. नियम पाळूनही, ज्यांनी आपल्याला बोलावलेलं नाही त्यांच्या अंगणातून चुनखडीच्या गुहा बघायला जायचं मला पटत नाही. यावर घरात कोणी वाद घातला नाही.

राहिली दोन बेटं, हॅवलॉक आणि नील. 2018 पासून त्यांची सरकारी नावं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप. 1943 साली नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, तेव्हा या द्वीपसमूहाला त्यांनी दिलेली ही नावं. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून श्री विजयपुरम झालं आहे. पाट्यांवर नवी नावं, रिक्षावाल्यांच्या तोंडी अजून जुनीच.

पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलसाठी थांबायचं हे तर न बोलता ठरलेलं होतं. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारती मधल्या मनोऱ्याला जोडलेल्या होत्या, आज तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर. आईंना आम्ही म्हटलं, खालीच बसा, तर त्या कठड्याला धरून सावकाश चढल्या. कोठडीच्या दारापेक्षा तिच्या कडीपाशी त्या जास्त वेळ उभ्या राहिल्या. कडी दारावर नाही, बाजूच्या भिंतीत आत खोबणी करून हातभर लांब बसवली आहे, म्हणजे गजांतून हात काढला तरी कैद्याला ती लागू नये. आईंनी दारापाशी उभं राहून तिकडे हात लांबवून पाहिला. पोचला नाही. त्या काही बोलल्या नाहीत. मुलगी मात्र त्यानंतर संध्याकाळभर प्रश्न विचारत राहिली: बाबाराव याच तुरुंगात होते तर दोघं भाऊ भेटत का नव्हते, तेल काढायच्या कोलूला किती वेळ जुंपायचे, खिडकी एवढ्या उंचावर का? पुस्तकात वाचलेलं तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, एवढ्यासाठी तरी हा मुक्काम कोणी गाळू नये. जेल कोणत्या दिवशी बंद असतो, तेवढं बघून तिकिटं काढा.

हॅवलॉकला आम्ही जास्त मुक्काम ठेवला. हे बेट मोठं आहे. वस्ती आणि रस्ते उत्तरेच्या भागात, बाकी सगळं जंगल. इथले किनारे नंबरांनी ओळखले जातात. राहण्याची ठिकाणं बहुतेक पूर्वेच्या बाजूला, पाच नंबर म्हणजे विजयनगर किनाऱ्याच्या आसपास. सात नंबर म्हणजे राधानगर, पश्चिमेला. 2004 साली 'टाइम' साप्ताहिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हणून निवडलेला तो हाच.

दोन्ही बाजूंचा समुद्र किती वेगळा आहे, हे एका रात्रीत समजणं शक्यच नाही. पाच नंबरला सकाळी पायरीपाशी पाणी असतं आणि दुपारी तेच पाणी मागे सरकत सरकत दिसेनासं होतं. खाली उघडा पडतो काळपट खडक, मेलेलं प्रवाळ, डबकी. तिथे पोहायला जागाच उरत नाही. पोहायचं तर राधानगर. तिथे वाळूचा उतार सलग आणि तळ मऊ आहे, आणि मागे उंच झाडांची भिंत. त्यांत एक चिकूच्या कुळातलं झाड आहे, त्याला तिथले लोक समुद्री महुआ म्हणतात. धार-झाबुआकडचा मोह डोळ्यांपुढे आणून आम्ही वर बघत राहिलो, पण हे झाड निराळंच.

आणखी एक गोष्ट मध्य प्रदेशातून जाणाऱ्याने पक्की लक्षात ठेवावी. घड्याळ तेच, पण अंदमान इंदूरपासून सतरा रेखांश पूर्वेला आहे. सूर्य तिथे आपल्यापेक्षा साधारण तासभर आधी उगवतो आणि साधारण तेवढाच आधी जातो. नोव्हेंबरात सव्वापाचला उजाडलेलं असतं आणि पाचच्या आत सूर्य बुडतो. इंदूरच्या सवयीने साडेपाचला राधानगरवर पोचणाऱ्याला अंधार भेटतो. आम्ही दुपारचं जेवण उरकून निघत होतो. एके दिवशी काला पत्थरला सूर्योदय, एके दिवशी राधानगरला सूर्यास्त, आणि एक पूर्ण दिवस काहीच न ठरवता. तो रिकामा दिवस मला सगळ्यांत आवडला. आई केवड्याच्या सावलीत इंदुरी शेवेचा डबा उघडून बसल्या होत्या आणि पायाशी शंखात राहणारे खेकडे फिरत होते. एकाने आपला शंख दुसऱ्या रिकाम्या शंखाला भिडवला, बाहेरून चाचपला, मऊ वळलेलं पोट क्षणात उचलून त्यात घातलं, आणि पटलं नाही म्हणून परत जुन्यात आला. मुलगी पालथी पडून हे बघत होती. म्हणूनच किनाऱ्यावरचे शंख उचलायचे नाहीत, हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. प्रवाळाचा तुकडाही आणायचा नाही, कायद्याने गुन्हा आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

आता नील. इथेच आमच्यात खरा प्रश्न पडला होता: हॅवलॉकला एवढं छान चाललं असताना उठायचं कशाला? हे म्हणाले, राहू या इथेच. पण आता जाण्याच्या बाजूने मी होते, आणि त्याला कारण होतं त्रिपुरी पौर्णिमा. पौर्णिमा-अमावस्येला भरती सर्वांत मोठी आणि ओहोटीही सर्वांत खोल. आणि नीलचं जे काही आहे ते ओहोटीतच दिसतं. हॅवलॉकला ओहोटी म्हणजे थांबायची वेळ, नीलला ओहोटी म्हणजे निघायची वेळ. दुसरं बेट पहिल्यासारखंच असेल तर बॅग उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. पण हा समुद्रच वेगळा होता.

नील लांबीला जेमतेम पाच किलोमीटर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथे वसवलं गेलं. गावांची नावं भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाजीचे मळे, सुपारी, केळी. इथली भाजी पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. आम्ही सायकली घेतल्या, आई आणि हे रिक्षाने. आईंची परिक्रमा इथे जवळपास पूर्ण झाली. सीतापूरला सूर्य उगवताना पाहायचा, भरतपूरला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ, लक्ष्मणपूरला मावळतीचा उजेड.

दुपार कलल्यावर प्रवाळ-खडकाच्या नैसर्गिक कमानीकडे गेलो. वाट दगडांवरून, निसरडी. आईंनी अर्ध्यावरच एक सपाट दगड पसंत केला आणि आम्हाला पुढे पाठवलं. पाणी आत गेलेलं, आणि मागे राहिलेल्या डबक्यांत समुद्राचा सगळा संसार उघडा पडलेला. एका फटीत मोठा शिंपला रुतून बसला होता, त्याच्या कडा गर्द निळ्या, मखमलीसारख्या. वाटाड्याची सावली वरून गेली तशी ती निळाई आखडली, शिंपला मिटला, आणि सावली सरल्यावर हळूहळू परत उमलला. बाजूला काळी समुद्रकाकडी वाळूत पडून होती. वाटाड्याने बंगाली वळणाच्या हिंदीत सांगितलं, हात लावायचा नाही, फक्त वाकून बघा. पाण्याचा काठ पायाला लागला तसा तो आम्हाला घेऊन मागे फिरला.

भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. म्हणून नीलला एकच रात्र ठेवली तर उजेडातली ओहोटी हुकायची भीती असते. सकाळच्या बोटीने येऊन दुपारच्या बोटीने जाणारे आम्ही पाहिले. कमान भरतीत अर्धी बुडालेली असताना त्यांनी फोटो काढले आणि तसेच धावत जेट्टीकडे निघाले.

परतीचं गणित सगळ्यांत महत्त्वाचं. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरात वादळांचे महिने. बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका, विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. आम्ही ती रात्र ठेवली होती, आणि रॉस बेट त्याच दिवसात बसलं. ब्रिटिशांच्या पडक्या चर्चच्या भिंती वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांत आवळून धरल्या आहेत, आणि हरणं त्यांच्यामधून निवांत फिरतात.

राजेंद्रनगरातल्या आमच्या शेजारणीने परवा विचारलं, दिवस कमी आहेत, दोन्हींतलं एकच बेट घ्यायचं तर कुठलं? मुलं पोहणारी असतील तर हॅवलॉक. म्हातारी माणसं आणि चालण्या-सायकलीची हौस असेल तर नील, आणि तारखा पंचांग बघून. आमच्याकडे आता दिगलीपूरचं बोलणं चाललंय. ते उत्तरेच्या टोकाला आहे, तिथली रॉस (हे पोर्ट ब्लेअरजवळचं नव्हे, निराळं) आणि स्मिथ ही दोन बेटं ओहोटीत वाळूच्या एका पट्ट्याने जोडली जातात. ह्यांनी त्याला लागून लगेच हॅवलॉकही लिहिलं होतं, ते मी खोडलं. आईंनी विचारलंय, तिथे जायला जारवांचं जंगल टाळून समुद्रातून बोट मिळते का. ते आधी बघायचं आहे.